उसनी माती

खोडाळ्याचे पाहुणे कविताला बघायला येणार असा निरोप आला, तेव्हा माघीनं सगळ्यात आधी चुलीकडे पाहिलं. चूल एका अंगानं फुटली होती. तवा ठेवला की डावीकडे कलायचा आणि भाकर त्या बाजूनं करपायची. घरच्या माणसांना त्याची सवय होती, पण पाहुण्यांनी मुलीच्या हातची करपलेली भाकर खाल्ली तर चुलीला कोण नाव ठेवणार? नाव मुलीलाच ठेवतात. तेव्हा पाच दिवसांत नवी चूल घालायची, हे तिनं तिथल्या तिथे ठरवलं.

चूल घालणं सोपं, चुलीची माती करणं कठीण. वारुळाची माती खणून आणा, ढेकळं फोडा, खडे वेचा, मुळ्या काढा, चाळा. दोन दिवस पाठ मोडते. आणि इकडे तिच्या स्वतःच्याच पडवीत, वर्तमानपत्रांवर, सावलीत वाळवलेले, लाकडी मोगरीनं कुटलेले, मुळीन् मुळी चिमट्यानं वेचून काढलेले आणि पितळी चाळणीतून चाळलेले मातीचे बारा ढीग ओळीनं मांडून ठेवले होते. माघीनं एका ढिगात हात घातला. माती बोटांतून पिठासारखी घरंगळली. पंचेचाळीस वर्षांत तिच्या हाताला अशी माती लागली नव्हती.

प्रत्येक ढिगावर एक चिठ्ठी होती. माघीला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी 'रा-३, खोली एक वीत' एवढंच कळलं असतं. चूल घालू नये, असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ही माती त्या मॅडमची हाय," नवरा लहान्या म्हणाला.

"त्या काय करतील हिचं?"

"पुन्याला नेतील नि भट्टीत जाळतील. मना सांगलेलं त्यांनी. जाळून बघतात, किती कमी झाली ती."

"जाळायचीच हाय ना?" माघी म्हणाली. "मंग आमचे चुलीत काय वेगळी जळंल? उसनी घेते. परत करीन."

संध्याकाळपर्यंत बाराही ढीग, भाताचं तूस आणि शेण यांचा एकजीव गारा झाला होता.

आता ढीग कुणाचे, हे सांगायला हवं. वर्षा नगरकडची मुलगी. मातीतला कर्ब आणि नत्र या विषयावर चार वर्षं पीएच.डी. करत होती. मोखाड्याच्या डोंगरातल्या या पोशेऱ्यात आली की लहान्याच्या घरी राहायची. दोनदा मुदतवाढ झाली होती आणि तिसरी नियमात बसत नव्हती. जूनच्या आत प्रबंध गेला नाही, तर चार वर्षं पाण्यात जाणार होती. विषय असा होता की, या डोंगरात पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून ते भाजतात. त्याला राब म्हणतात. या राबानं मातीचं भलं होतं की वाटोळं, हे शोधायचं. त्यासाठी सहा जागा राब भाजलेल्या आणि सहा न भाजलेल्या, अशा बारा ठिकाणी खुंट्या ठोकून, त्यांना लाल फडकी बांधून, वर्षानं वीतभर खोलीपर्यंतची माती काढली होती.

तशी अर्धा अर्धा किलो माती पुरली असती. पण तिचे मार्गदर्शक डॉ. मंगेश निकुंभ यांना प्रत्येक ठिकाणची तीन तीन किलो हवी होती, कारण प्रस्तावात ती भारदस्त दिसते. अर्ध्या किलोनं माघीला मोह पडला नसता. छत्तीस किलोंत मात्र मागच्या वैलीसकट, म्हणजे दुसरं भांडं ठेवायच्या जागेसकट, अख्खी चूल होते, आणि तशी ती झाली.

निकुंभ सरांचं काम फार पद्धतशीर. अहवालातलं निष्कर्षाचं प्रकरण त्यांनी प्रकल्प मंजूर होण्याआधीच लिहून ठेवलं होतं. 'राबामुळे मातीचा ऱ्हास होतो' हे ठरलेलं होतं, आकड्यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या होत्या. त्याला आधार होता 'भोये अंका'चा. जव्हार-मोखाड्याच्या मातीत सेंद्रिय कर्ब किती, याचं उत्तर पुस्तकांत एकच होतं: शून्य पूर्णांक तीन टक्के. तीस वर्षांपूर्वी डॉ. तुळशीदास भोये या संशोधकानं तो आकडा काढला होता. तेव्हापासून तो पुस्तिकांत, भाषणांत, कार्यशाळांच्या फलकांवर फिरत होता. पुन्हा कुणी मोजला नव्हता, कारण एकदा मोजलेला होता.

ज्या दिवशी माघी गारा तुडवत होती त्या दिवशी वर्षा पोशेऱ्यात का नव्हती? ती जव्हारला होती. निकुंभ सरांनी तीन दिवसांची ऑनलाइन बैठक लावली होती आणि पोशेऱ्यात नेटवर्क नव्हतं. बैठकीचा विषय होता, 'संशोधकाने प्रत्यक्ष शेतावर उपस्थित राहण्याचे महत्त्व'.

तिसऱ्या दिवशी तिला कळलं की प्रकल्पाची गाडी दुसऱ्या सकाळी जव्हारहून निघणार आहे आणि ती मोखाड्याकडे वळणार नाही. गाडीच्या परवान्यावर जव्हारच लिहिलं होतं. वर्षानं जव्हारच्या शरीफभाई शिंप्याकडून शिवून घेतलेल्या बारा कापडी पिशव्या पोशेऱ्याच्या जीपमध्ये घातल्या आणि लहान्याला निरोप धाडला: 'एकेका ढिगाची माती एकेका पिशवीत भरा, ज्याची चिठ्ठी त्याच्या पिशवीला बांधा, आणि उद्या पहिल्या जीपनं पाठवा. एकमेकांत मिसळू नका.'

निरोप मिळाला तेव्हा पडवीत बारा चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर एकेक दगड होता आणि माती कणभर नव्हती.

माघी मुळीच गडबडली नाही. उसनं घेतलं की परत द्यायचं, आणि द्यायचं ते घेतल्यापेक्षा चांगलं द्यायचं, ही त्या पाड्यातली रीत. शेजारची सुकरी पायलीभर नागली नेताना सपाट मापून न्यायची आणि परत करताना शीग लावून, वर मूठभर सांडेल अशी द्यायची. माघीही तसंच करायची. यात मोठेपणा कुणी मानत नसे आणि परत केलं हे कुणी सांगतही नसे, ते बरं दिसत नाही. घरातल्या माणसाला मात्र माप नाही. लहान्याला भाकरी किती, तर सगळ्यांचं झाल्यावर टोपलीत उरतील तितक्या.

घरामागे पूर्वी शेळ्यांचा वाडा होता. पंधरा वर्षांच्या लेंड्या, चुलीची राख आणि पालापाचोळा तिथे कुजून माती काळीभोर झाली होती. माघी तिथे फक्त भोपळा लावायची आणि ती माती कुणाला ढेकूळभरही देत नसे. तिनं कुदळ घेतली आणि त्याच जागेची माती काढली. ती चाळली, आणि बाराही पिशव्या शिगोशीग भरल्या. पिशव्यांची तोंडं बांधेनात. शेवटी लहान्यानं सुतळीनं कशीबशी आवळली.

"मिसळू नको, सांगलंय," तो म्हणाला.

"कशात काय मिसळंल? सगली एकच हाय," माघी म्हणाली.

जव्हारला पिशव्या उतरल्या तेव्हा त्या टम्म फुगलेल्या पाहून वर्षानं शरीफभाईंना बोल लावला.

"शरीफभाई, पिशव्या लहान शिवल्या तुम्ही. तीन किलोच्या सांगितल्या होत्या."

शरीफभाईंच्या हातातली कात्री थांबली. "मॅडम, चाळीस साल झाली या मशीनवर. माप मेरे हातसे चुकलं तर दुकान बंद करतो. पिशवी तीनचीच आहे. माती जास्ती आहे."

"माती कशी जास्त होईल?"

"ते मातीला विचारा," असं म्हणून त्यांनी पुन्हा पायडल मारलं.

वर्षानं विचारलं नाही. गाडी सुटायची घाई होती. पिशव्या न उघडता प्रयोगशाळेत गेल्या.

दीड महिन्यानं आकडे आले. बाराच्या बारा नमुन्यांत सेंद्रिय कर्ब चार पूर्णांक दोन टक्के. नत्रही त्याच तोलाचं. राब भाजलेल्या सहा जागा आणि न भाजलेल्या सहा जागा यांत केसाइतकाही फरक नव्हता.

निकुंभ सरांनी आधी यंत्राला दोष दिला, मग यंत्रावरच्या माणसाला. पुन्हा भट्टी लावली, तर चार पूर्णांक दोनच. तिसऱ्यांदा तेच आल्यावर सर दोन दिवस आपल्या खोलीत बसून राहिले. बाहेर आले ते अगदी निराळे होऊन.

"वर्षा, आपण आजवर या लोकांना समजूनच घेतलं नाही," ते गहिवरून म्हणाले. "राबानं माती मरत नाही, माती श्रीमंत होते! ही आपली परंपरा आहे. निष्कर्षाचं प्रकरण मी उलटं करून ठेवलंय. 'होतो' होतं तिथे 'होत नाही' केलं."

"पण सर, न भाजलेल्या जागांतही तोच आकडा आलाय."

"धूर," निकुंभ सर म्हणाले.

"काय?"

"राबाचा धूर शेजारच्या शेतात जातो. त्यातून कर्ब जातो, नत्र जातं. आपण याला 'धूर-परिणाम' म्हणू. असं नाव आधी कुणी दिलेलं नाही, मी पाहिलं."

वर्षाला चार वर्षांत एवढं नक्की कळलं होतं की शेजारी शेजारी खणलेले दोन खड्डेसुद्धा सारखा आकडा देत नाहीत. बारा जागांनी ठरवून एकच आकडा दिला, तर कुठेतरी काहीतरी शिजलं आहे. पण 'पोशेरा प्रतिमान' नावाचं टिपण वर गेलं होतं आणि वरून चार जणांची समिती प्रत्यक्ष पाहणीला येणार होती. समितीच्या दोन दिवस आधी वर्षा एकटीच पोशेऱ्याला गेली.

माघीनं तिला बघितल्या बघितल्या तोंडात गूळ घातला. कविताचं जमलं होतं.

"तुमचे मातीचा गुन, बाय!" माघी म्हणाली. "एक भाकर करपली नाय. सासू व्हनारी सांगते, कोनी घातली ही चूल? मी सांगलं, मीच घातली, पन माती आमचे मॅडमची."

वर्षानं चुलीकडे पाहिलं. तांबूस, गुळगुळीत, कुठे भेग नाही, मागे बेतानं काढलेली वैल. तिचे बारा नमुने, चार वर्षं आणि जूनची मुदत समोर बसून भात शिजवत होती.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "मग पिशव्यांत काय भरलं होतं?"

"शेळ्यांचे वाड्याची," माघी अभिमानानं म्हणाली. "तुमची लाल, फिकी व्हती. मी काळी दिली. नि सपाट नाय दिली, बाय. शिगोशीग. काय कमी पडली का?"

वर्षाला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर नुसता प्रामाणिक प्रश्न होता. आपलं काही कमी तर पडलं नाही ना, एवढाच. रागवायचं तरी कशावरून? तिच्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू तिनं दिली होती.

"नाही मावशी," वर्षा म्हणाली. "जास्तच झाली."

मग ती विहिरीजवळच्या खडकावर चढली, कारण पोशेऱ्यात नेटवर्क मिळतं ते तिथेच, आणि तेही उजवा हात वर केला तर. हात वर करून तिनं सरांना सगळं सांगितलं. चूल, वैल, शेळ्या, भोपळा, काही वगळलं नाही.

सर म्हणाले, "वर्षा, प्रयोगशाळेत जे पोचलं, ते विज्ञान. त्याच्या आधीचं सगळं ऐकीव. आणि समिती स्वतःच्या डोळ्यांदेखत नमुने घेणार आहे ना? मग तुला कसली काळजी?"

हे मात्र वर्षाला पटलं. समितीसमोर खुंट्यांपाशी खरी माती निघेल, खरा आकडा येईल आणि सगळं निस्तरेल. सरांची थोडी फजिती होईल, पण तेवढी व्हायलाच हवी होती. ती खडकावरून खाली उतरली आणि पाड्यात सांगितलं, "परवा चार मोठे साहेब येणार आहेत. खुंट्यांजवळची माती स्वतः काढून बघणार आहेत."

हे तिनं सांगायला नको होतं.

समिती आली. दोघं झाडाखाली बसले, एकजण फोटो काढत होता, आणि चौथे साहेब बूट सांभाळत निकुंभ सरांबरोबर बांधावर चढले. पहिली खुंटी सोम्याच्या शेतातली. माती काढायचं गिरमीट जमिनीत गेलं आणि वर आलं ते काळंभोर, भुसभुशीत, चमकणारं. दुसऱ्या खुंटीला तेच. तिसऱ्या खुंटीजवळ तर मातीतून शेळीची एक अख्खी लेंडी निघाली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"सेंद्रिय पदार्थ," निकुंभ सर म्हणाले.

वर्षानं लहान्याला बाजूला ओढलं. "काका, हे कुणी केलं?"

"काय?"

"खुंटीजवळ काळी माती कुणी टाकली?"

"ज्याचे त्याचे शेतात ज्यानं त्यानं," लहान्या म्हणाला, जणू ती विचारायचीही गोष्ट नव्हती. "काल सगल्यांनी दोन दोन टोपल्या टाकल्या. सोम्यानं चार. मानसं एवढी लांबून आलीत, गाडी करून. त्यांना काय हलकी माती द्यायची? पाड्याची लाज जाईल."

आठवडाभरात आकडा आला. चार पूर्णांक चार. 'पोशेरा प्रतिमान' सिद्ध झालं. समितीनं शिफारस केली, निकुंभ सरांना दोन ठिकाणी व्याख्यानाला बोलावणं आलं आणि 'धूर-परिणामा'वर एक रंगीत पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर माघीच्या चुलीचा फोटो होता. धूर चांगला दिसत होता म्हणून.

वर्षाकडे मात्र प्रबंधात लिहायला एकही खरा आकडा नव्हता. मार्च लागला होता. ती पुन्हा पोशेऱ्यात आली, माघीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि म्हणाली, "मावशी, मला तुमच्या शेतांची खरी माती हवी. आहे तशी. हलकी, फिकी, लाल. खुंट्यांपासून वीस पावलं लांबची."

माघीचा हात भाकरीवर थांबला. "हलकी देऊ तुमाला? कोनी सांगलं असं? आमी काय कमी केलं तुमाला?"

"तसं नाही."

"मंग? आमी पाहुन्याला हलकं देत नाय, बाय. कधीच नाय."

वर्षा म्हणाली, "मी चार वर्षं या घरात जेवतेय, मावशी. अजून पाहुणीच का?"

माघीनं तिच्याकडे नीट पाहिलं. तव्यावरची भाकर उलटली. नव्या चुलीवर पहिल्यांदाच ती एका बाजूनं जराशी करपली होती. माघीनं ती पाहुण्यांच्या टोपलीत न टाकता सरळ वर्षाच्या ताटात वाढली.

"मंग तू घरचीच," ती म्हणाली. "जा. ने कुठलीबी. मना विचारू नको."

वर्षाला भरून आलं. ती करपलेली भाकर तिनं सगळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता तिनं बारा जागांची माती काढली, अर्धा अर्धा किलो, आणि पिशव्या मांडीवर घेऊन स्वतः प्रयोगशाळेपर्यंत गेली. आकडे आले ते शहाण्या मातीचे यावेत तसे, कुठे एक, कुठे एक पूर्णांक दोन, कुठे थोडं कमी. सरासरी एक पूर्णांक एक. राब भाजलेल्या आणि न भाजलेल्या जागांत म्हणावा असा फरक नव्हता. माती ठीक होती, मेलेली नव्हती आणि सोन्याचीही नव्हती.

तिनं प्रबंधात तीन तक्ते घातले. पहिला शेळ्यांच्या वाड्याचा, दुसरा समितीचा, तिसरा खरा, आणि पहिले दोन का धरायचे नाहीत ते साध्या भाषेत लिहिलं. चुलीचा उल्लेख तिनं 'नमुन्यांची अदलाबदल' असा केला.

निकुंभ सरांनी तो मसुदा वाचला आणि दार लावून घेतलं.

"वर्षा, तुझ्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक कोण येतायत माहीत आहे? स्वतः तुळशीदास भोये! निवृत्त झालेत, पण अजून त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांचा आकडा शून्य पूर्णांक तीन. आपला चार पूर्णांक दोन. हे जुळतं. पूर्वी माती वाईट होती, आपल्या प्रकल्पामुळे ती सुधारली. त्यांचाही मान राहतो, आपलाही. तू मध्येच एक पूर्णांक एक आणलास तर त्यांचाही आकडा खोटा, माझाही खोटा. मग तुझ्या बाजूला उरलं कोण?"

"प्रकल्प दोनच वर्षांचा आहे, सर. तीस वर्षांची सुधारणा..."

"तिसरा तक्ता काढ. मुदतवाढ आता नाही, हे लक्षात ठेव."

वर्षानं तीन दिवस विचार केला. तक्ता काढला असता तर पदवी हातात होती. पण ती माती तिला घरची म्हणून मिळाली होती. ती झाकून ठेवायची, तर पुन्हा त्या चुलीपुढे पाटावर कुठल्या तोंडानं बसायचं? तिनं तक्ता ठेवला आणि घरी फोन करून सांगून टाकलं की फार आशा धरू नका.

तोंडी परीक्षेच्या दिवशी भोये सर आले. बारीक, काळेसावळे, पांढरी मिशी, बोलणं अगदी कमी. त्यांनी प्रबंध उघडला आणि एकेक पान सावकाश उलटत राहिले. निकुंभ सर मध्येच म्हणाले, "यात धूर-परिणाम ही नवी संकल्पना..."

"धूर?" भोये सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"धूर," निकुंभ सर म्हणाले.

भोये सर पुन्हा प्रबंधात शिरले. पहिल्या तक्त्यावर त्यांचं बोट थांबलं. बारा ओळी, बारा वेळा चार पूर्णांक दोन. ते बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

"हे नमुने वाळवले कुठे?" त्यांनी विचारलं.

"पोशेऱ्याला, सर. लहान्याकाकांच्या पडवीत."

"कुटून, चाळून ठेवले होते?"

"हो सर."

"प्रत्येकी किती?"

"तीन किलो."

"म्हणजे छत्तीस," भोये सर स्वतःशीच म्हणाले. "त्या आठवड्यात त्या घरी पाहुणे यायचे होते का?"

वर्षा दचकली. "हो सर. मुलीला बघायला."

भोये सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूल वैलीसकट घातली, की नुसती?"

"वैलीसकट, सर," वर्षा म्हणाली, आणि तिला एकदम हसूही आलं आणि रडूही.

"कसली चूल?" निकुंभ सर म्हणाले.

"निकुंभ, तुम्ही जरा चहाचं बघता का?" भोये सर म्हणाले. निकुंभ सर गेले. दार लागल्यावर भोये सरांनी पेन काढलं, शिफारशीच्या कागदावर सही केली आणि तिसऱ्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'हा आकडा ग्राह्य धरावा.' कागद वर्षापुढे सरकवला. तिला तो उचलायचंही सुचेना.

"मी जव्हारकडच्या साखरशेतचा," ते म्हणाले. "माझा प्रबंध तीस वर्षांपूर्वीचा. ढीग आमच्याच पडवीत वाळत घातले होते आणि मी पुण्याला गेलो होतो. बहिणीला बघायला पाहुणे आले. मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आई गेल्यावर. बहिणीनं सांगितलं. तोवर आकडा पुस्तकात छापून झाला होता, आणि त्याच्या जोरावर माझ्या तीन बढत्या झाल्या होत्या."

वर्षाच्या डोक्यात एक शंका आली. "पण सर, तुमच्या आईंनीही परत भरली असेल ना? मग तुमचा आकडा एवढा कमी कसा? आमचा तर चारच्या वर गेला."

"तू पाहुणी होतीस," भोये सर म्हणाले. "मी घरचा. घरच्या माणसाला शीग कोण लावतं? आईनं अंगण झाडलं आणि जे निघालं ते माझ्या ढिगांच्या जागी घातलं."

"म्हणजे शून्य पूर्णांक तीन..."

"आमच्या अंगणाचा," भोये सर चष्मा लावत म्हणाले. "आई फार स्वच्छ झाडायची."